ताक्यावरचा कोंबडा

मी लोगो बनवतो, पण शिक्क्याच्या शाईचा वास आला की अजून तो कोंबडा आठवतो. धामणकर नाक्यावरच्या यंत्रमागावर कापड विणून घेणाऱ्या एका लूमवाल्या शेठला मी सल्ला दिला होता, "कापडाच्या ताक्यावरचा जुना कोंबड्याचा शिक्का काढा, झोकदार इंग्रजी अक्षरं टाका." आठवड्याने त्याचा फोन आला, "कशेळीच्या गोडाऊनला ये. आत्ता." तिथे त्याचे कापडाचे सगळे ताके दुसऱ्याच्याच ट्रकमध्ये चढून निघून गेले होते. म्हातारा हमाल हात जोडून म्हणाला, "मुर्गा देख के आपका माल उठाते थे, सेठ. मुर्गा नहीं दिखा, तो दूसरे का समझा. पढ़ना नहीं आता." शेठने त्यालाच हाकललं. चूक माझी, हे भीतीने माझ्या तोंडून निघालंच नाही. आता प्रत्येक लोगो मी आधी हमालांना दाखवतो, आणि त्यांच्यात तो म्हातारा नाही ना, हे चोरून बघून घेतो.