बांधावरची बाभूळ

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. घरात गॅसची टाकी आली होती, पण ती पाहुणे आले तरच पेटायची. एरवी चूल. दर रविवारी मी आईबरोबर जंगलात सरपणाला जायचे.

आई सालीवरून लाकूड ओळखायची. पांढुरकी, गुळगुळीत साल धावड्याची. कागदासारखे पापुद्रे सुटतात ती सालई. ती नुसती धुमसते, म्हणून उचलायची नाही. मी आठवीत जाईपर्यंत हे सगळं मलाही येऊ लागलं होतं.

त्या हिवाळ्यात बाबांचे गुडघे आखडले. खाटेजवळ शेगडी ठेवल्याशिवाय त्यांना झोप येईना. अंजनाच्या लाकडाचा निखारा पहाटेपर्यंत राहतो. आम्ही वाळलेलंच उचलायचो, जंगलातलं ओलं तोडायला बंदी होती; पण त्या दिवशी आईने अंजनाची ओली फांदी तोडली आणि मोळीच्या मधोमध घातली.

गावाच्या तोंडाशी जंगलखात्याच्या नवीन आलेल्या गार्डने अडवलं. मोळी सोडायला लावली. पारावरची माणसं उठून जवळ आली.

"हे ओलं आहे. कशाचं?"

"बाभूय शे भाऊ," आई म्हणाली. "आमना बांधवरनी."

दोन्हींची साल काळी, तडकलेली. पण कापलेल्या टोकाला अंजनाचा गाभा दिसत होता, काळपट तांबडा. बाभळीचा एवढा गडद कधीच नसतो. गार्ड माझ्याकडे वळला.

"शाळेत जातेस ना? तू सांग."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तिला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाभूळ," मी म्हणाले. माझे कान तापले.

गार्डने पारावरच्या म्हाताऱ्या आबांना विचारलं. त्यांचा सारा जन्म अंजनाचे नांगर घडवण्यात गेला होता. त्यांनी लाकडावरून हात फिरवला, बोटं जरा थांबली.

"माले काय दिसत नही आते, साहेब," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

गार्डने आम्हाला जाऊ दिलं. आईने मोळी पुन्हा बांधून डोक्यावर घेतली. मी चार पावलं मागेच राहिले; तिच्या बरोबरीने चालायची लाज वाटत होती आणि मागे राहिल्याचीही.

दुसऱ्या दिवशी हापशीवर बायकांची गर्दी होती. एकीने हसत विचारलं, "काय व अक्का, तुमना बांधवर बाभूय कव्हय उगनी?"

बाकीच्या पदरात तोंड लपवून हसल्या. आम्हाला शेतच नव्हतं, मग बांध कुठला? आईने अर्धा भरलेला हंडा उचलला आणि चालू लागली. मी रिकामी कळशी घेऊन तिच्यामागे.

पुढच्या रविवारी जंगलात एक अनोळखी फांदी दिसली. मी विचारलं, "आई, हे कोणतं?"

"लाकूड शे," ती म्हणाली आणि मोळी बांधायला वाकली.

मी पुन्हा विचारलं नाही.