आकडे सगळ्यांना दिसू द्या

लहान लायब्ररींसाठी एक मोफत, सगळ्यांना खुलं असं 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअर आहे. जगभरातले लोक फावल्या वेळात ते सांभाळतात, आणि वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या आमच्या घरातून मीही बरीच वर्षं त्यात लुडबुड करते. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या चुका, म्हणजे बग, एका वेबसाइटवर नोंदवतात. त्या कुणालाही वाचता येतात. पण कोणी किती बग सोडवले, कुठला किती काळ पडून आहे, ही आकडेवारी मात्र चार-दोन मुख्य मंडळींनाच दिसायची.

मीटिंगमध्ये मी त्यावरून भांडले. "नाव ओपन सोर्स, आणि आकडे कुलपात?"

"लोक एकमेकांशी तुलना करत बसतील," एकजण म्हणाला.

"करू देत की. मोठी माणसं आहेत."

शेवटी त्यांनी मानलं. पहिलं नाव माझंच असणार, याबद्दल मला शंकाही नव्हती.

पान खुलं झालं त्या सकाळी मी वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये होते. फोनवर उघडलं. पहिलं नाव माझ्या मैत्रिणीचं. माझं शोधायला बोटाने पान बरंच वर सरकवावं लागलं.

ही मैत्रीण मूळ पुण्याची, राहते पामर्स्टन नॉर्थला. नवऱ्याला तिथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आली, आणि हिला जिथे तिथे 'इथला अनुभव नाही' म्हणून नकार. घरी बसून रडकुंडीला आली होती, तेव्हा मीच म्हटलं, "अगं, आमच्या प्रोजेक्टमध्ये ये. हात तरी चालू राहील." पहिला बग कसा उचलायचा, तेही मीच शिकवलं.

तिला वेळच वेळ आहे, मी स्वतःची समजूत घातली. मग वाटलं, सोपे सोपे उचलले असतील. तिने सोडवलेले बग एकेक करून वाचायला लागले. त्यात तो एक बगही होता. इथल्या मूळ लोकांच्या माओरी भाषेत लांब स्वरावर आडवी रेघ देतात. ती न देता शोधलं, तर आमच्या सॉफ्टवेअरला पुस्तक सापडायचंच नाही. तो बग मी एकदा हातात घेऊन कंटाळून सोडला होता. तिने तो सोडवला होता, वर इतकं सुबक समजावून लिहिलं होतं की खोट काढायला जागाच नव्हती. खाली एका लायब्रेरियनबाईंनी भरभरून आभार मानले होते. माझं स्टेशन कधी आलं ते कळलं नाही.

मग रोज ट्रेनमध्ये बसलं की आधी तेच पान. तिचा आकडा वाढला की दिवसभर पोटात दुखायचं. तिच्या मेसेजला मी नुसते अंगठे पाठवायला लागले.

लाँग वीकेंडला तिने आम्हा तिघांना आग्रहाने बोलावलं. साबुदाणावडे तळता तळता म्हणाली, "तुला समोरासमोर सांगायचं होतं. मला नोकरी लागली. टीम लीड. घरूनच काम."

टीम लीड. माझ्या ऑफिसात मी अजून त्याच बढतीची वाट बघतेय.

"अगं, मुलाखतीत ते आकड्यांचं पानच उघडून बसले होते. इथला अनुभव वगैरे कुणी विचारलंच नाही. तू भांडली नसतीस ना, तर कुणाला कळलं असतं मी काय करते ते?" तिचे डोळे भरून आले. साबुदाण्याने बरबटलेल्या हातांनीच तिने मला मिठी मारली. मीही मारली. "हे व्हायलाच हवं होतं," मी म्हटलं. ते खरंही होतं, आणि घशाखाली वडा उतरत नव्हता तेही खरं होतं. माझा नवरा मात्र चौथा वडा घेत तिला म्हणाला, "वहिनी, सगळंच कसं जमतं हो तुम्हाला?"

परतताना लेव्हिन गाव येईपर्यंत मी गाडीच्या खिडकीबाहेरच बघत बसले.

"बरं वाटत नाहीये का?" नवऱ्याने विचारलं.

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "शी इज जस्ट जेलस, बाबा." तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिशमध्ये.

"गप गं," नवरा म्हणाला.

"नाही, बरोबर बोलतेय ती," मी म्हटलं. "आहे मी जेलस. खूप."

मग नवऱ्याने हळूच विचारलं, "फिश अँड चिप्स घ्यायचे का?" आणि मला एकदम सडकून भूक लागली.