मैनेच्या गुडघ्यांसाठी

सुधाकर गेल्याचं कुसुमवहिनींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला गाईच्या जंतांचं औषध देत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून... "मैनेले सकाळची पावडर कोनं द्यायची आता?" यवतमाळच्या दवाखान्यात, नवऱ्याच्या उशाशी उभं राहून बाईने घोडीची काळजी करावी, हे परक्याला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. त्या घरात माणसांची ताटं घोडीच्या चंदी-खुराकानंतरच वाढली जायची. "मी देतो," म्हणालो, गिऱ्हाइकाचं औषध बांधून दिलं आणि शटर अर्धं ओढून आत बसून रडलो. त्याला आता काही आठवडे झाले, तरी दुकानाच्या पायरीवर कोणी चप्पल झटकली की वाटतं, आला.

आर्णीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे आणि सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. शाळेत तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि पुढे आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसला. त्याची पांढरी घोडी, मैना, लग्नाच्या वरातीत नाचायची. महागावपासून पांढरकवड्यापर्यंत लोक तिला नावाने ओळखत. ताशा वाजला की ती पाय असे टाकायची की नवरदेव जीव मुठीत धरून बसायचा आणि करवल्या टाळ्या पिटायच्या. जयंतीच्या मिरवणुकीत मात्र सुधाकर तिला नाचवत नसे. निळ्या झेंड्यामागे ती शांत चालायची. पोरं ओरडायची, "काका, नाचवा ना तिले." तो म्हणायचा, "आज सुट्टी हाय तिले. आज थे आपल्यासारखी आली." त्या दिवशी तो स्वतःही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, तिच्या खांद्याला खांदा लावून चालायचा.

मग एका हिवाळ्यात मैना बसल्या जागेवरून उठताना अडखळायला लागली. सकाळची पहिली पावलं आखूड पडत, चालून अंग तापलं की बरी होई. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिले, सांध्यांवर तळहात ठेवून ऊब पाहिली आणि सांगितलं की वर्षानुवर्षं डांबरावर नाचून, मागच्या दोन पायांवर उभं राहून सांधे झिजलेत. आता दोन पायांवर उभं करणं बंद, डांबरावर नाचवणं बंद, नाल वेळच्या वेळी. सांध्यांच्या पावडरचं नंतर पाहू. "लागली तर लागेल, आणि लागली तरी महिनाभर काही कळणार नाही," ते म्हणाले. सुधाकरने बाकीचं सगळं ऐकलं आणि पावडर डोक्यात घेतली.

घोड्याच्या सांध्यांची पावडर आमच्याकडे सहज मिळत नाही, नागपूरहून मागवावी लागते. मी दोन-तीन कंपन्यांचे डबे मागवले. तो चष्मा कपाळावरून नाकावर आणून प्रत्येक डब्याची मागची बाजू वाचायचा. एका डब्यावर उधळलेला घोडा छापलेला, पण आत अर्धी गोडी आणि वास. दुसऱ्यावर चित्र नव्हतं, पण एका मापात ग्लुकोसामाईन, म्हणजे सांध्यांचं औषध, किती ते स्पष्ट लिहिलेलं. मी दुसरा घे म्हणालो. तो म्हणाला, "तू इकतोस, तुले काय समजते? आन थे मुकं जनावर, त्याले इचारू कसं? मी खाऊन पाह्यतो आधी."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण त्याने खरंच खाल्ली. त्याचेही गुडघे गेलेले होते. घोडीच्या बरोबरीने चालून दुसरं काय होणार? एक डबा संपेपर्यंत रोज ताकात पावडर घालून प्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि दुकानात येऊन उठाबशा काढून दाखवायचा. पहिल्या डब्याला त्याने नापास केलं. दुसऱ्याच्या वेळी महिनाअखेरीस मांडी घालून बसला, हात न टेकता उठला आणि म्हणाला, "हे लागली. हेच दे मैनेले." डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते पोट धरून हसले. मीही हसलो. तेव्हा आम्हाला हसूच येण्यासारखं होतं ते.

त्याच हंगामात एका लग्नात वरातवाले अडून बसले होते. मैना पहिल्या चौकातच थबकली आणि सुधाकरने तिला नाचवायचं नाकारलं. नवरदेवाचा मामा म्हणाला, दुखणं दाबायचं इंजेक्शन मारा आणि न्या पुढे, सगळेच मारतात. मी त्या लग्नाला होतो. सुधाकर चिडला नाही, घोडीचा लगाम गोळा करत म्हणाला, "दुखनं दाबलं तर थे नाचन. पन पाय मोडून राह्यला हे तिले समजनच नाही. दुखते म्हनून तर थांबते ना थे." आणि नवरदेवाला हात देऊन खाली उतरवलं. वरात पायी गेली. नंतर कितीतरी दिवस लोक त्याला टोमणे मारत होते. त्या दिवसापासून मैना फक्त मातीवर, आणि तेही चालण्यापुरतीच, कामाला जायची.

यंदा सुधाकरच्या पायांना सूज आली, चेहरा फुगला, जेवण तुटलं. यवतमाळला नेलं तेव्हा किडन्या जवळजवळ बंद पडलेल्या होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणत्या गोळ्या घेता? "कायच्याच नाही," तो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, अंगदुखीची एखादी? तेव्हा तो सहज बोलून गेला, "थे तं रोजचीच व्हय. सकाळ-संध्याकाळ. किती वर्षं झाले." त्याच गोळ्यांनी किडन्या गेल्या, बाई म्हणाल्या. मी त्याच्या पायांशी उभा होतो. घोडीच्या पावडरची परीक्षा चालली होती तेव्हाही घेत होतास का बे, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे. "थे गोळी कमरेची व्हय गा," तो म्हणाला. "गुडघ्याची नाही."

ज्या गुडघ्यांनी पावडर पास केली ते गोळीवर चालणारे गुडघे होते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं दुसऱ्या कोणाबद्दल मी म्हणालो असतो. त्याच्याबद्दल म्हणवत नाही. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. घोडीचं दुखणं त्याला दुखणं वाटायचं आणि स्वतःचं म्हणजे रोजचं काम, एवढंच. मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि तो ऐकायला समोर नाही याचा त्याहून जास्त येतो.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत पांढरकवड्याकडचा एक घोडीवाला मैनेला मागायला आला. सीझनभर सुई मारून चालवू, म्हणाला. घरात मिळवणारं कोणी उरलेलं नाही, आणि घोडीला रोजची चंदी लागतेच. वहिनी काय करतील, मला सांगता येत नव्हतं. मी मध्ये पडलो नाही. त्यांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "थे आता नाचत नाही, भाऊ. कोनाच्या घरी नाही." तो गेला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, पावडर खरंच कामाची आहे का म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, की नक्की सांगता येत नाही, नाल आणि मऊ माती जास्त कामाची. त्या म्हणाल्या, मग दोन्ही करू.

परवा सकाळी डबा द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. अंगणातल्या निंबाभोवती एक गोल वाट पडली आहे. सुधाकर तिथली माती खणून, चाळून मऊ ठेवायचा आणि त्यावरून मैनेला रोज हळूहळू फिरवायचा. तिच्या खुरांच्या वाटेच्या आतल्या बाजूला त्याच्या चपलांची वेगळी पट्टी आहे, इतकी दबलेली की पावसाचं पाणी तिथेच साचतं. वहिनी त्या पट्टीवरून चालत मैनेला फिरवत होत्या. अर्ध्या फेरीतच थांबल्या आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतात. जवळ गेलो तर डोळे कोरडे होते.

"भाऊजी, माहे गुडघे लय दुखून राह्यले," त्या म्हणाल्या. "हे होते तवापासून. ह्यायले सांगतलं नाही कधी."

"गोळी घेता काय?" मी विचारलं.

"नाही घेतली," वहिनी म्हणाल्या. "ह्यायचीच पाकिटं घरात पडून हायेत. रोज हातात घेतो आन ठेवून देतो. दुखू देलं... म्हटलं, तुमाले सांगू."

मी त्यांच्या हातातला दोर घेतला, मैनेला निंबाला बांधलं आणि त्यांना डॉक्टरकडे न्यायला स्कूटर काढली.