आमरीची डबल ड्यूटी

आईचं उत्तरकार्य उरकून सुरतेला परतताना माझ्याकडे दोन वस्तू होत्या: कुलूप लावलेल्या घराची किल्ली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली आंब्याची एक फांदी. दारचा आंबा रस्त्याच्या कामात गेला होता. या फांदीला आमरीचं झाड चिकटलेलं होतं. शहाणी माणसं त्याला ऑर्किड म्हणतात. गावात आम्ही बांडगूळच समजायचो. गाडीत एकाने विचारलं, "काका, होळीला नेताय का?" मी हो म्हणालो. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. रडूही आलं नव्हतं. अजून आलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी याच आंब्याखाली आईने मला निरोप दिला होता. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाली, "येळवर निजत जाय, भाऊ." आणि भाऊ लागला सुरतेत कापडाच्या लूमवर, रात्रपाळीला.

आता पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचा रंग नमुन्याशी जुळतो का, ते बघतो. गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, ऊन नाही. म्हणून आमरीसाठी दिवा घ्यायला गेलो. दुकानदाराने खास झाडांचा म्हणून जांभळा दाखवला. त्या उजेडात माझा पांढरा शर्ट वांग्यासारखा दिसला. ज्याचं पोट रंग ओळखण्यावर चालतं, त्याने घरात खोटा रंग कसा न्यावा? मिलमधल्या टेबलावर असतो तसाच, दिवसाच्या उजेडाचा पांढरा एलईडी घेतला आणि फांदीच्या वर हातभर उंचीवर टांगला. निवड बरोबर होती. अक्कल तिथेच संपली.

मिलमध्ये दिवे कधी विझत नाहीत. मला वाटलं, जितका उजेड जास्त तितकं फूल लवकर. तीन आठवडे बटण बंद केलं नाही. बायको तोंडावर पदर ओढून झोपायची. पानं पिवळी पडली, मुळांची टोकं वाळली. पहिलं पान गळालं, तेव्हा आईच्या दारची शेवटची जिवंत वस्तू माझ्या हाताने चालली होती, आणि मी ते पान दिव्याखाली धरून पिवळ्याची शेड कुठली ते बघत होतो. दुसरं काही सुचेना.

"तिले डबल ड्यूटी लाई दिन्ही तुम्हीन!" बायको म्हणाली. "आंबावर काय ट्यूब व्हती?"

लेकीने मोबाइलमधून मान वर न करता गुजरातीत निकाल दिला, "पप्पा, एने पण सूवा दो ने!" तिलाही झोपू द्या. आजीचं वाक्य तिने कधी ऐकलेलं नाही.

मग टायमर लावला. सकाळी सातला दिवा लागतो, संध्याकाळी सातला विझतो. फूल नाही. तीन पानं टिकली आहेत, आणि एका मुळाला हिरवं टोक आलंय, तांदळाच्या दाण्याएवढं.

गावाकडून तुम्ही मंडळी विचारता, आईचं घर कधी उघडतोस? किल्ली आमरीशेजारच्या खिळ्याला आहे. घर नेमकं कुठलं, ते मला सांगता येत नाही. एवढंच, की सातला दिवा विझला की आम्ही तिघंही आवाज खाली करतो. टीव्हीचासुद्धा.