जाड एकोणीस
डेटनच्या पेटिग्रूंना पुस्तकांचं प्रेम होतं असं म्हणणं म्हणजे खाटकाला बोकडांचा लळा होता म्हणण्यासारखं आहे. थोरले पेटिग्रू मुळात लाकूडसामानाचे कारखानदार. एका वर्षी त्यांची अक्रोडी लाकडाची छोटी फडताळं नुसती पडून राहिली. दिसायला देखणी, पण लोक विचारत, यात ठेवायचं काय? थोरल्यांनी डोकं लढवलं आणि पुस्तकं छापायला घेतली. ओहायोत साहित्याची सेवा सुरू झाली ती अशी.

नवं पुस्तक छापायचं तर लेखक लागतो, आणि लेखक जिवंत असला की कटकट करतो. म्हणून पेटिग्रू न्यूयॉर्कच्या प्रकाशकांकडून जुन्या, विसरलेल्या कादंबऱ्यांचे छपाईचे पत्रे वजनावर उचलत. एका पत्र्यावर एक पान. त्यातून निघाली 'पेटिग्रू गृह-ग्रंथमाला'. दरमहा एक, अशी चोवीस पुस्तकं, निळा कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी पट्टी, आणि पहिल्या पुस्तकाबरोबर फडताळ फुकट. चोवीस पुस्तकं त्यात इतकी चपखल बसत, की पंचविसावं लिहायची जगात कुणाला गरजच उरली नव्हती.

अडचण एवढीच, की पूर्वीच्या लेखकांनी फडताळाचं माप न विचारताच कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा हा गाढवपणा निस्तरायला पेटिग्रूंनी व्हर्ना क्लिंगरला नोकरीवर ठेवलं.

व्हर्ना शाळेत शिकवायची. मंदीत शाळा बंद पडली आणि ती 'मापाच्या टेबला'वर येऊन बसली. काम सोपं होतं. पत्र्यावरचे शब्द बदलता येत नसत, त्यामुळे एखादं पान जिथे पूर्णविरामानं संपतं आणि पुढचं कुठलंतरी पान जिथे नव्या वाक्यानं सुरू होतं, अशी दोन टोकं शोधायची, आणि मधले सगळे पत्रे वितळवायला पाठवायचे. एका कादंबरीतला कप्तान वादळात गलबतावर चढला आणि पान उलटताच बोस्टनमध्ये बदकाचं मांस खात बसला, शेजारी बायको आणि दोन मुलं. लग्न केव्हा झालं, हे एकाही वाचकानं विचारलं नाही. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे, 'संपूर्ण आवृत्ती'.

"लोकांना कळत कसं नाही हो?" तिनं एकदा धाकट्या पेटिग्रूंना विचारलं. थोरले एव्हाना वारले होते.

"कळायला वाचावं लागतं, व्हर्ना," धाकटे म्हणाले. "आपलं गिऱ्हाईक सुखवस्तू आहे. ते मांडून ठेवतं."

दुसऱ्या वर्षी एकोणिसाव्या क्रमांकासाठी एक कादंबरी आली. कॅन्ससच्या कुणा बाईनं लिहिलेली. बाई केव्हाच मातीत गेलेली. मिसेस टॅलबर्ट नावाची विधवा खानावळ चालवते, एवढीच गोष्ट. मध्ये एक प्रकरण होतं, त्यात काहीही घडत नाही. ती मेलेल्या नवऱ्याचे सात शर्ट पेटीतून काढते, एकेक धुते, इस्त्री करते, आणि परत पेटीत ठेवते. प्रकरण सुरू होतं कोऱ्या पानावर, संपतं पूर्णविरामावर. कात्रीसाठी याहून सोयीची जागा व्हर्नाला आजवर मिळाली नव्हती.

तिनं ते दोनदा वाचलं आणि टेबलावरच रडली. तिचे वडील गेल्यावर तिची आई दर रविवारी त्यांचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवायची. का, ते घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि आईनं सांगितलं नव्हतं. कॅन्ससच्या त्या बाईनं मात्र सात शर्टांत सगळं सांगून टाकलं होतं.

धाकटे पेटिग्रू हिवाळ्यात फ्लोरिडाला मासे पकडत होते. व्हर्नानं सगळे पत्रे तसेच छापखान्यात पाठवले. पुस्तक नेहमीपेक्षा चांगलं बोटभर जाड झालं.

मग ती वाट बघत बसली. इतक्या घरांतून कुणीतरी एक जण त्या शर्टांबद्दल लिहील, एवढीच तिची आशा होती. महिने गेले. चोविसावं पुस्तक घरोघर पोचलं, आणि मग एका सकाळी टपालवाल्यानं अख्खं पोतं आणून टाकलं. व्हर्नानं पोत्याची गाठ सोडली. तिनं पहिलं पत्र फोडलं.

'महाशय, तुमचं शेवटचं पुस्तक फडताळात मावत नाही.'

दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. आयोवातल्या एका दंतवैद्यानं सभ्यपणे कळवलं होतं, की एकोणिसाव्याची मागची पानं त्यानं स्वतःच कापून टाकली आहेत आणि आता सगळं झकास बसतं. शर्टांबद्दल कुणी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. फ्लोरिडाहून परतलेल्या धाकट्यांनी जाड प्रती परत मागवून लगद्याला घातल्या, सडपातळ एकोणीस छापलं आणि व्हर्नाला दार दाखवलं.

"तू फडताळाशी बेइमानी केलीस," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

पुढची सगळी वर्षं व्हर्नानं पाणीपट्टीच्या खिडकीवर काढली. पेटिग्रू बुडाले. आणि बुडाल्यावर अर्थातच त्यांची ग्रंथमाला मौल्यवान झाली. ती जमवणारे संग्राहक निघाले, त्यांची संघटना निघाली, संघटनेत भांडणं निघाली. एका वसंतात डेटनच्याच मोटेलात त्यांचा मेळावा भरल्याचं तिनं पेपरात वाचलं. बातमीत 'दुर्मिळ जाड एकोणीस'चा फोटो होता. सत्तरी ओलांडलेली व्हर्ना चांगला कोट घालून गेली.

पुस्तक काचेच्या पेटीत होतं. मालक वॉरन ग्लिक, निवृत्त विमा एजंट, पांढरे हातमोजे घालून उभा होता. शेजारी त्याची बायको मार्जरी, मेळाव्यांना कंटाळलेली, क्रोशाचं विणकाम करत होती.

"हे जाड का आहे, ठाऊक आहे तुम्हाला?" व्हर्नानं विचारलं.

"छपाईतली चूक, बाई! म्हणून तर किंमत."

"चूक नाही. मी मुद्दाम केलं होतं."

वॉरननं तिचं नाव विचारलं. पेटिग्रूंच्या जुन्या पगारपत्रकांतलं ते नाव संघटनेत सगळ्यांना पाठ होतं; ऐकताच तो खुर्चीत बसला. मग ताडकन उठला. "मार्जरी, या क्लिंगरबाई! साक्षात! बाई, एक सही द्याल? पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. अलगद हं, हे कधी उघडलेलं नाही."

"तुम्ही वाचलेलं नाही?"

"छे, छे! वाचलं तर खराब नाही का होणार?"

त्यानं दोन्ही हातांनी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. व्हर्नानं पेन बाजूला सारलं. तिनं पुस्तक बरोब्बर मध्यावर उघडलं आणि तळव्यानं दाबलं. पाठ काडकन मोडली. चार टेबलांपलीकडचे लोक वळून बघायला लागले.

"अहो बाई!" वॉरन किंचाळला. "काय केलंत हे!"

व्हर्ना उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचू लागली. आवाज शाळेतला होता, जरा घोगरा झालेला. मिसेस टॅलबर्टनं पेटी उघडली. पहिला शर्ट लग्नातला होता. दुसऱ्याच्या कॉलरवर डाग होता, तो तिनं घासला नाही. वॉरन कुणालातरी बोलवायला धावला, संघटनेचे अध्यक्ष आले, त्यांनी मोडलेली पाठ बघून कपाळाला हात लावला. तिसरा शर्ट झाला, चौथा झाला. अखेर वॉरननं हात घालून पुस्तक तिच्यासमोरून ओढून घेतलं आणि मिटलं.

"पुरे झालं! आता याला कोण विचारणार?"

मार्जरीनं क्रोशा मांडीवर ठेवला होता. तिचे डोळे लाल झाले होते.

"वॉरन, दे ते इकडे," ती म्हणाली. नवऱ्याच्या हातातून पुस्तक घेऊन तिनं ते व्हर्नापुढे धरलं आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा बाई. पाचवा शर्ट राहिलाय."