मित्राच्या नावावर ॲडमिट झालो

"मिलिंद, ऐकू येतंय का? तुमच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. त्यामुळे तुम्हाला झटका आला होता."

अतिदक्षता विभागात शुद्धीवर येताना मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बोलणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या आणि हळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. मी मान हलवली. पण माझं नाव मिलिंद नाही, प्रकाश आहे. मिलिंद माझा मित्र. त्या वेळी तो नागपूरकडे एका निवासी प्रशिक्षणात बसलेला होता.

हे मी लिहितोय ते आमच्या जिल्ह्यातून मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनला जाणाऱ्यांसाठी. आता दरवर्षी बरेच जण जातात. शहराचं, स्पर्धेचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. त्यांची काही चूक नव्हती.

आजाराचं नाव हायपोनॅट्रेमिया. म्हणजे रक्तातलं सोडियम, सोप्या भाषेत मीठ, कमी होणं. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं, "तुम्हाला पाणी कमी पडलं नाही, जास्त झालं." घामातून मीठ जातं, वरून माणूस पाणीच पीत राहतो, रक्त पातळ होतं आणि मेंदूच्या पेशी सुजतात. मग डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, शेवटी फिट येते. माझं हे सगळं क्रमाने झालं. झटका येण्याआधी थांबायला मला पुरेसा वेळ होता, तरी मी थांबलो नाही.

मी बुलढाण्यात एका सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. पन्नाशीला टेकलोय. मिलिंद दुसरबीडच्या शाळेत शिक्षक, घर बुलढाण्यातच. आम्ही चार-पाच जण पहाटे मलकापूर रोडने घाटाच्या तोंडापर्यंत पळत जायचो. मॅरेथॉनचं वेड मिलिंदचं. त्याने वेळेत नोंदणी केली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं, आधी धावलेल्या शर्यतीचा पुरावा दिला. मी आळस केला आणि नोंदणी बंद झाली.

मग त्याच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. तारीख नेमकी तीच. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "माहा नंबर वाया जाऊन राह्यला. तू पळ नं."

मी म्हटलं, असं चालतं का?

"ट्रॅव्हल्समधी नाही का, सीट एकाच्या नावानं अन् बसते दुसराच. कोन पाहून राह्यलं?"

हे आमच्याकडचं रोजचं आहे. सीट मिलिंदच्या नावाची असेल तर ड्रायव्हरला फोन करायचा, माझा माणूस येतोय म्हणून सांगायचं, झालं. आम्हाला दोघांनाही यात वावगं वाटलं नाही. छातीवर लावायच्या नंबराला बिब म्हणतात. तो आदल्या दिवशी आयोजकांनी भरवलेल्या प्रदर्शनात जाऊन घ्यावा लागतो. मी मिलिंदचं अधिकारपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स दाखवली. मित्रासाठी नेतोय, म्हणालो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ज्यांचं नाव त्यांनीच धावायचं हं, काका." मी हो म्हणालो.

बिबच्या मागे आपत्कालीन संपर्काचा नंबर असतो, चालू औषधांची जागा असते. तिथे मिलिंदने आधीच भरलेली माहिती होती. संपर्क, त्याची बायको सुनंदावहिनी. औषधे, काही नाही. मला मात्र रक्तदाबाची गोळी चालू होती, लघवी जास्त करवणारी. त्या गोळीनेही शरीरातलं मीठ जातं. हे मला शर्यतीआधी माहीत नव्हतं. ज्यांना अशी गोळी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅरेथॉनमध्ये उतरू नये. आणि बिबची मागची बाजू स्वतःच्या हाताने भरावी.

एकटं जाऊ नये, हेही लिहितो. मी ट्रॅव्हल्सने एकटाच गेलो. लॉजच्या खोलीत एकट्याने दहीभात खाल्ला. पहाटे मैदानावर हजारो माणसं होती, गटागटाने फोटो काढत होती. कोणी मोठ्याने मिलिंद म्हटलं तर मी वळून पाहायचो, मग स्वतःलाच हसू यायचं.

आता पाण्याचं.

बुलढाण्यात नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही. माझं बालपण अमडापूरचं, तिथे तर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरूनच यायचं. आमच्या घरी पेल्यातलं पाणी फेकून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. पाहुण्याने अर्धा पेला ठेवला तर आई ते पाणी झाडाला तरी घालायची, भांड्यावर तरी वापरायची. आजही रेखा, माझी बायको, तेच करते.

शर्यतीत ठरावीक अंतरावर स्वयंसेवक सीलबंद छोट्या बाटल्या घेऊन उभे असतात. धावणारे बाटली घेतात, दोन घोट पितात आणि फेकून देतात. रस्त्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा खच पडलेला. मी कडेकडेने पळत होतो, कारण त्यांच्यावर पाय द्यायला नको वाटत होतं. मला कोणी बाटली दिली की मी ती संपवायचो. फेकायचं माझ्या जिवावर यायचं. पुढच्या टेबलावर पुन्हा बाटली, पुन्हा पूर्ण. देणारी मुलं इतक्या प्रेमाने द्यायची की नाहीही म्हणवत नव्हतं. तहान लागली होती का, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नाही. तोच विचारायचा असतो. तहान लागेल तेवढंच प्यायचं, घोटभर, आणि लांबच्या अंतरात मीठ-साखरेचं पाणी मधूनमधून घ्यायचं. उरलं तर टाकून द्यायचं. आमच्या माणसांना हे जमणार नाही म्हणून मुद्दाम लिहितो. टाकून द्या.

निम्म्याच्या पुढे पोटात पाणी हलायला लागलं. पावलागणिक मला ते ऐकू यायचं. हातातली अंगठी रुतायला लागली, बोटं फुगली होती. शरीरात पाणी साचल्याची ही खूण. मला वाटलं, ऊन लागलं. डोकं ठणकायला लागलं तेव्हाही वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी एक बाटली घेतली. एका स्वयंसेवकाने विचारलं, ठीक आहात ना? मी काहीतरी उत्तर दिलं. तो हसला नाही, माझ्याकडे बघतच राहिला, एवढं आठवतं. पुढचं आठवत नाही.

रुग्णवाहिकेतून मला आणलं. रक्त तपासलं, डोक्याचं सीटी स्कॅन म्हणजे मेंदूची चित्रं काढणारी तपासणी केली, हातात सलाईन लावलं. हे नेहमीचं सलाईन नसतं. जास्त मिठाचं असतं आणि फार सांभाळून देतात, कारण सोडियम एकदम वर गेलं तरी मेंदूला इजा होते. दर थोड्या वेळाने रक्त काढत होते.

हॉस्पिटलने बिबच्या मागचा नंबर लावला. सुनंदावहिनींना सांगितलं, तुमचे मिस्टर मॅरेथॉनमध्ये कोसळले, झटका आलाय, अतिदक्षता विभागात आहेत. औषध कुठलं चालू आहे? त्या म्हणाल्या, यांना काहीच नाही.

आता हे त्यांच्या बाजूने पाहा. नवरा प्रशिक्षणाला जातो सांगून गेलाय. त्याचा फोन लागत नाही, कारण फोन खोलीत आणि तो सत्रात. गुडघ्याच्या दुखण्यावरून त्यांनी त्याला मॅरेथॉनला जाऊ नका म्हणून कितीदा सांगितलेलं. म्हणजे हा खोटं बोलून गेला आणि आता मरायला टेकलाय. त्या होत्या त्या साडीवर एसटीत बसल्या. एकट्या.

इकडे मी शुद्धीवर आलो होतो. सुरुवातीला डोक्यात सगळा गोंधळ होता. मिलिंद म्हटलं की वाटायचं मिलिंदही इथेच कुठेतरी आहे. पण मग हळूहळू सगळं जागेवर आलं. सिस्टर उशी सरळ करत म्हणाल्या, "काळजी करू नका, तुमच्या मिसेस निघाल्यात."

मला कळलं कोण निघालंय.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बिबचं उघडकीस येईल, मिलिंदवर बंदी येईल, कार्यालयात कळेल, असलं काय काय मनात आलं आणि मी डोळे मिटून घेतले. सिस्टरना वाटलं झोप लागली. मी जागा होतो. भेटीची वेळ झाली. शेजारच्या पडद्याआड कोणाची तरी मुलगी आली, ती वडिलांच्या पायांना तेल लावत होती, वास येत होता. दारातून वॉर्डबॉयने आवाज दिला, "मिलिंद यांचे नातेवाईक कोणी आहेत का?" कोणी उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. माझं नाव कोणी घेतच नव्हतं. ते नाव त्या अख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत होतं आणि मी ते सांगत नव्हतो. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि ते एकटेपण माझं मीच केलेलं होतं.

शेवटी मी बोललोच नाही. डॉक्टरच आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही प्रकाश का?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिलिंदने फोन पाहिला. वहिनी तेव्हा संभाजीनगरच्या स्टँडवर पुढची गाडी शोधत होत्या. त्याचा आवाज ऐकून त्या तिथल्या बाकावर बसल्या, असं तो सांगतो. मग त्याने सगळं कबूल केलं. त्यानंतर त्यांनी काय केलं, तर रेखाला फोन लावला, माझ्या गोळ्यांची नावं विचारून घेतली आणि हॉस्पिटलला फोन करून सांगितली. डॉक्टर मला म्हणाल्या, "त्या बाईंनी सांगितलं म्हणून गोळीचं कळलं. तुम्ही शुद्धीवर होतात ना?"

मी हो म्हणालो.

रेखाला तोवर वाटत होतं की मी अंघोळ करून लॉजवर झोपलो असेन. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रडली नाही. पिशवी ठेवली आणि विचारलं, "माहा नंबर कुठं लिहेल होता तुम्ही?"

कुठेच लिहिलेला नव्हता.

तिथल्या मुक्कामात मला पाणी मोजून मिळायचं. ओठ सुकायचे. घोट तोंडात धरून ठेवायचो. सोडियम वर आलं तसं सुट्टी मिळाली, पण अशक्तपणा आणि विसरभोळेपणा कित्येक आठवडे राहिला. कार्यालयात माणसाचा चेहरा ओळखीचा, नाव सापडायचं नाही. ज्यांना हा आजार होईल त्यांनी घाबरू नये, ते हळूहळू परत येतं. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली.

आयोजकांना मी स्वतः कळवलं. त्यांनी आम्हा दोघांनाही बाद केलं. मिलिंद मला एवढंच म्हणाला, "माह्या नावानं मराले निंघाला होता बे तू. माही पेन्शन चालू झाली असती." आम्ही हसलो. पण पहाटेचं पळणं मोडलं. बाकीचे आता दुसऱ्या रस्त्याने जातात. मी एकटा घाटाच्या तोंडापर्यंत चालत जातो आणि परत येतो.

सुनंदावहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. बाजारात दिसल्या तर पदर सारखा करून पुढे जायच्या. माफी मागायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. मिलिंद म्हणायचा, जाऊ दे, वेळ लागंल. मला ते पटायचं. एसटीत त्या जेवढा वेळ तशा बसल्या असतील, त्यातला काही वेळ तरी मी डोळे मिटून पडल्याचा होता. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मिलिंदलाही नाही.

परवा तिसऱ्यांदा गेलो. मिलिंद घरी नव्हता. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं नाही, पण दार लावलंही नाही. मी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं की मी शुद्धीवर होतो, तुम्ही निघाल्याचं मला कळलं होतं, तरी गप्प राहिलो.

त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय, भाऊजी. डॉक्टरीणबाई फोनवर बोलल्या होत्या, पेशंट चांगला जागा हाय म्हून. मी वाट पाहून राह्यली होती, तुम्ही कधी सांगता त्याची."

आणि आत वळल्या. मी चप्पल काढून खुर्चीवर बसलो. त्यांनी पेला आणून समोर ठेवला. अर्धाच भरलेला होता.

"तहान असंल तेवढंच प्या," त्या म्हणाल्या. "उरलं त मी झाडाले टाकीन."

मी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.