फोटोपुरता दोर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. गळ्यात सत्काराचे हार घालून घेताना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, बाईंनी किती मुली शिकवल्या! आणि मी पुन्हा हारासाठी मान पुढे केली असती.

अहमदपूरला मुलींचं एक वसतिगृह होतं, मी तिथली रेक्टर. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरच्या मुली आमच्याकडे राहून हायस्कुलात जायच्या. परदेशातली एक संस्था आम्हाला मदत करायची. तिकडचे पाहुणे यायचे, मुली बघायचे, एखादी पसंत करायचे आणि ती मॅट्रिक होईपर्यंत तिचा भार उचलायचे. ‘पसंत करायचे’ — आम्ही असंच म्हणायचो, सोयरीक बघायला आल्यासारखं. तेव्हा त्याचं मला काहीसुद्धा वाटत नव्हतं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. वसतिगृहाच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं होतं. पाऊस मात्र त्या सालीही दगा देऊन गेला होता. प्यायला टँकरचं पाणी, तिथे बांधकामाला कुठून आणणार? म्हणूनच दादाराव आपली मुलगी घेऊन माझ्याकडे आला होता. तो गवंडी होता, मार्केट यार्डातल्या कितीतरी भिंती त्याच्या हातच्या. काम बंद पडलं होतं आणि त्याच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. मुलीचं नाव सुजाता. बौद्ध कुटुंब. मुलगी चुणचुणीत, विचाराल त्याचं उत्तर मान वर करून देणारी. मी म्हटलं, पाहुणे येतील त्या दिवशी पाठवून द्या.

ती आली — तेल लावून घट्ट वेण्या, लाल रिबिनी, इस्त्रीचा निळा फ्रॉक. बापानं कुठूनतरी मिळवला असणार. आणि मी कपाळाला हात लावला. असली टापटीप मुलगी कोण पसंत करणार? आधीच्या खेपेला अशाच नीटनेटक्या दोघींवरून पाहुण्यांची नजर सरकून गेली होती, मी पाहिलं होतं.

स्वयंपाकघरात तवा धरायला एक जुना फ्रॉक ठेवलेला असायचा. कुण्या मुलीचा राहून गेलेला, काजळी लागलेला, खांद्याला फाटलेला. तो मी तिला घालायला लावला. रिबिनी सोडल्या. केस विस्कटले — माझ्या हातांनी. तिनं एकदाच विचारलं, “बाई, ह्यो कशापायी?” मी म्हटलं, शिकायचंय ना? मग गप बस.

हे सगळं सांगितलं की कबुली झाली, असं मला कधीकधी वाटायचं. नाही. अजून मी त्याच्या आसपासच घुटमळतेय.

पाहुणे म्हणजे नवरा-बायको, भली माणसं. त्यांचा यात काही दोष नाही. पाहुणीबाईनं विचारलं, हिच्या घरचे काय करतात? इंग्रजी-मराठी करायला मीच. सुजातानं खणखणीत सांगितलं की वडील गवंडी आहेत; आणि आमच्या आज्यानं गावची मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं, दीक्षा घेतली त्या साली. हे ती अभिमानानं सांगत होती. घरी शंभरदा ऐकलेलं असणार. मी इंग्रजीत काय सांगितलं? ही माणसं मेलेली जनावरं ओढतात. बस्स, एवढंच. गवंडीपण गिळलं, सोडणं गिळलं, दीक्षा गिळली. पाहुणीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सुजाताला जवळ घेतलं. आणि मी मनात म्हटलं, जमलं!

पण त्यांना तिचं गाव बघायचं होतं. सुजाताला घेऊन जीपनं निघालो, शिरूर अनंतपाळच्या बाजूला. गावाच्या अलीकडे ओढ्यात एक बैल मरून पडला होता. चाऱ्यावाचून गेलेला, पोट फुगलेलं, गळ्यात दोर तसाच. वास असा की जीपमध्येच उमासा आला. पाहुण्यांनी गाडी थांबवायला लावली. हेच का ते काम, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग एक फोटो मिळेल का, इथे, हिच्या वडिलांचा?

ड्रायव्हर दादारावला बोलावून घेऊन आला. पांढरा सदरा घालून तो घरी चहाची तयारी करून बसला होता. आधी त्याला लेक दिसली, त्या फडक्यात. मी त्याला बाजूला घेतलं आणि — नाकाला पदर लावून — म्हटलं, दोर हातात धर, फोटोपुरता. वसतिगृहात मी त्याला ‘अहो दादाराव’ म्हणायचे, माझ्या सुधारकीचा मला कोण डौल होता. तिथे तोंडातून ‘धर’ निघालं, आपोआप.

“बाई, माज्या बापानं टाकलेला दोर हाय त्यो,” तो म्हणाला. “दुसरं कायबी सांगा.”

मी म्हटलं, घटकाभराचं काम आहे. तू नाही म्हणालास तर पोरगी सातवीवरच राहील. बघ बुवा.

त्यानं दोर धरला.

सुजाता चालत आली, बापाच्या पुढे झाली आणि जनावराच्या बाजूनं तिनंही दोर धरला. बैल आणि बाप यांच्या मधोमध ती उभी राहिली. पाहुण्यांनी फोटो काढला.

आता ऐका. तो दोर धरून उभा होता तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट सगळं जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. इस्त्रीच्या सदऱ्यात, गवंडी म्हणून, तो माझ्या डोळ्याला खुपत होता. दोर धरल्यावर खुपायचा थांबला. हे कुठून आलं माझ्यात? मी लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी, गळ्यात लिंग, ओठांवर समता. घरी गेले आणि उंबऱ्याबाहेरच डोक्यावरून पाणी घेतलं. गाव घागरीसाठी टँकरमागे पळत होतं आणि मी बादल्या ओतत होते. धुळीनं माखले म्हणून, असं सासूला सांगितलं. धूळ नव्हती ती. मला माझी किळस तेव्हा यायला हवी होती. तेव्हा मला त्यांची आली.

फोटो मोठा होऊन, चौकट लागून आला. माझ्या खुर्चीमागे टांगला. त्याच्या जोरावर वसतिगृह चाललं, मुली शिकल्या, खोल्या वाढल्या. हे सांगून मला सूट मिळवायची नाही. दर वर्षी पाहुणे विचारायचे, सुजाता कशी आहे? छान आहे, पास झाली, मी सांगायचे. सुजाता वसतिगृहात एक दिवसही राहिली नाही.

शाळा उघडली त्या दिवशी दादाराव एकटाच आला होता. दारातच उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. “तुमचा फ्राक ऱ्हायला व्हता,” म्हणाला. मी विचारलं, आणि सुजाता? “शिकल ती. हितं न्हाई.” एवढं बोलून तो गेला. पुढे ती शिकली की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. अहमदपूरहून ते गाव काही लांब नव्हतं.

पुडकं सोडलं. काजळी घासून घासून काढली होती. फाटलेला खांदा बारीक टाक्यांनी शिवला होता. इस्त्री केली होती.

मी तो घडीचा फ्रॉक स्वयंपाकघरात नेला आणि तवा धरायला देऊन टाकला.